कळ थांबली, पण खडा कुठे आहे?

मूतखड्याची कळ पुष्कळदा पहाटे गाठते. माणूस झोपेतून उठतो. एका कुशीत काहीतरी भरल्यासारखं वाटतं. गॅस झाला असेल म्हणून तो ओवा शोधतो, आणि पंधरा-वीस मिनिटांत घरभर येरझाऱ्या घालू लागतो. बसवत नाही, झोपवत नाही, उभं राहवत नाही. घाम फुटतो, मळमळतं, उलटी होते. घरातले घाबरून म्हणतात, “अरे, जरा शांत पड.” हेच नेमकं त्याला जमणार नसतं.

ही तगमगच या दुखण्याची खूण आहे. अपेंडिक्स फुटून पोटात पू पसरला असेल, तर माणूस निपचित पडून राहतो, कारण हललं की दुखतं. मूतखड्यात कुठल्याच बाजूवर आराम नसतो, म्हणून माणूस सतत जागा बदलत राहतो. त्याला धरून ठेवू नका, त्याला फिरू द्या. तो नाटक करत नाही आणि अतिही करत नाही. बाळंतपणाच्या कळा आणि ही कळ अशा दोन्ही सोसलेल्या कित्येक बायका हीच जास्त कठीण होती असं सांगतात.

खडा टोचतो म्हणून दुखतं, असा बहुतेकांचा समज असतो. खडा खरबरीत असतो, आत ओरखडेही काढतो आणि लघवीत रक्त येतं ते त्यामुळेच. पण जीव नकोसा करणारी कळ उठते ती तुंबलेल्या लघवीमुळे. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी नळी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद असते. ती तीन ठिकाणी आणखी अरुंद होते: मूत्रपिंडातून बाहेर पडताना, कमरेच्या हाडाशी पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीवरून उतरताना, आणि मूत्राशयात शिरताना. शेवटची जागा सगळ्यांत चिंचोळी. खडा अडकतो तो बहुधा यांपैकी एका ठिकाणी. वर लघवी तयार होतच असते. ती साठते, मूत्रपिंड फुगतं, त्याच्यावरचं आवरण ताणलं जातं आणि नळी खडा पुढे ढकलण्यासाठी पिळवटू लागते. त्यात भर म्हणून ताणलेलं मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सोडतं. त्यांनी तिथला रक्तपुरवठा वाढतो, लघवी आणखी तयार होते आणि दाब आणखी चढतो.

हे नीट समजून घेतलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. ३ मिलिमीटरचा खडा माणसाला लोळवतो आणि मूत्रपिंडात स्वस्थ बसलेला १५ मिलिमीटरचा खडा वर्षानुवर्षं कळतही नाही, कारण दुखणं आकारावर नसून अडथळ्यावर असतं. पोट आणि मूत्रपिंड यांच्या मज्जातंतूंचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून उलटी होते. ती उलटी पित्ताची नव्हे. खडा खाली सरकेल तसं दुखणंही बरगडीखालून ओटीपोटात, जांघेत, पुरुषांमध्ये वृषणात उतरतं. आणि खडा मूत्राशयाच्या तोंडाशी आला की सारखी लघवीची भावना होते, थेंब-थेंब होते, टोकाशी आग होते. या टप्प्यावर कित्येकांना ‘उन्हाळी लागली’ म्हणून सब्जा दिला जातो किंवा जंतुसंसर्ग समजून एकामागून एक अँटिबायोटिक चालू राहतं.

आता कळ उठल्यावरचा पहिला तास. सर्वांत आधी थर्मामीटर लावा. वेदनाशामक गोळी घेतली की ताप झाकला जातो, म्हणून गोळीच्या आधी ताप मोजायचा आणि कागदावर वेळेसकट लिहून ठेवायचा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर असेल, थंडी वाजत असेल, तर घरचे उपाय तिथेच थांबवा आणि थेट मोठं रुग्णालय गाठा. अडलेल्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झाला की तो काही तासांत रक्तात पसरू शकतो. नुसत्या अँटिबायोटिकने ते भागत नाही. आत नळी टाकून किंवा पाठीतून मूत्रपिंडात नळी घालून तुंबलेली लघवी मोकळी करावी लागते. मूतखड्याने माणूस दगावतो तो बहुतेक याच वाटेने, आणि वेळेवर गेलं तर हे टळतं.

ताप नसेल तर डायक्लोफेनॅकसारखं सूज उतरवणारं वेदनाशामक हे पहिलं औषध. ते वर सांगितलेली प्रोस्टाग्लँडिनच रोखतं, म्हणजे मूत्रपिंडातला दाब उतरवतं. नुसती वेदना बधिर करून ते थांबत नाही. डॉक्टरांनी आधी लिहून दिलेलं असेल तर ५० मिलिग्रॅमची गोळी लगेच घ्यावी. पूर्ण दिवसात सगळं मिळून १५० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये. गोळी उलटून पडत असेल तर गुदद्वारातून ठेवायची कांडी मिळते, किंवा दवाखान्यात ७५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन देतात. पट्टीच्या मागचं बारीक छापलेलं वाचा: बाजारातल्या अनेक गोळ्यांत डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असतं. कळ थांबेना म्हणून दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या घेतल्या, की नकळत एकच औषध दुप्पट जातं.

“पेनकिलरने किडनी खराब होते” म्हणून सहन करत बसणारे पुष्कळ आहेत. ज्यांचं मूत्रपिंड धड आहे, त्यांना एक-दोन दिवस योग्य मात्रेत घेतलेल्या औषधाने सहसा अपाय होत नाही. पण क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) आधीच वाढलेलं आहे, एकच मूत्रपिंड आहे, पोटात अल्सर झाला होता, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, हृदयविकार आहे, वेदनाशामकाने दमा उठतो, किंवा दिवस गेले आहेत, अशांनी हे औषध स्वतःहून अजिबात घेऊ नये. त्यांच्यासाठी शिरेतून पॅरासिटामॉल आणि इतर पर्याय असतात. ड्रोटाव्हेरिन किंवा हायोसिनसारखी पेटके सोडवणारी इंजेक्शनं आपल्याकडे सर्रास देतात. डायक्लोफेनॅकच्या जोडीला त्यांनी फारशी भर पडते असं अभ्यासांत दिसत नाही. दिली तर हरकत नाही, पण मुख्य औषधाऐवजी नकोत.

गोळीला अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात शेक खरोखर कामाला येतो. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून दुखऱ्या कुशीवर पंधरा-वीस मिनिटं धरा, मग थोडं थांबून पुन्हा. उकळतं पाणी भरू नका. कळ इतकी असते की कातडी भाजलेली कळत नाही आणि सकाळी फोड दिसतात. गरम पाण्याने आंघोळही बरी वाटते, पण दाराला कडी न लावता, कारण उलट्यांनंतर घेरी येते. श्वास रोखून दात आवळण्याचा मोह होतो. त्याऐवजी तोंडाने लांब उच्छ्वास सोडत राहा. कळ लाटेने येते: चढते, माथ्यावर काही वेळ राहते आणि उतरते. उतरणार आहे हे माहीत असलेला माणूस ती लाट जरा बऱ्या रीतीने काढतो.

आणि पाणी. इथे जवळजवळ प्रत्येक घरात एकच चूक होते. “तांब्याभर पाणी पी, खडा वाहून जाईल.” पाटात बांध पडलेला असताना वरून आणखी पाणी सोडलं तर बांध वाहून जात नाही, पाणी मागे फुगतं. कळ चालू असताना लिटरभर पाणी ढोसलं की दाब वाढतो, दुखणं वाढतं, आणि ते पाणी उलटून पडतं ते वेगळंच. शिरेतून भराभर सलाईन चढवल्यानेही खडा लवकर पडत नाही. सलाईन हवी ती उलट्यांनी शरीर कोरडं पडलं असेल तर. कळेत फक्त घोट-घोट घ्या, तहान भागेल इतकंच. भरपूर पाण्याची पाळी कळ ओसरल्यानंतरची.

जवळच्या माणसाने तोवर एवढं करावं: कळ किती वाजता सुरू झाली, कुठून कुठे सरकली, उलट्या किती, लघवी शेवटची कधी आणि रंग कसा, कोणती गोळी किती वाजता दिली हे लिहून घ्यावं. जुने सोनोग्राफीचे कागद पिशवीत टाकावेत. रुग्णाला स्वतः दुचाकी चालवू देऊ नये. ताप नसतानाही ज्या खुणांवर थांबायचं नाही त्या अशा: दीड-दोन तासांत औषधाने उतार नाही, उलट्यांनी गोळी टिकत नाही, लघवी बंदच झाली आहे, एकच मूत्रपिंड आहे, गरोदरपण आहे, मधुमेह आहे. साठीच्या पुढच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच अशी कळ आली तर ती मूतखड्याची समजून घरी थांबू नये, पोटातली महारोहिणी, म्हणजे हृदयाकडून येणारी सगळ्यांत मोठी रक्तवाहिनी, फुगून फाटतानाही असंच दुखतं. मुलग्याच्या किंवा तरुणाच्या वृषणात अचानक दुखू लागलं तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो, आणि तो साधारण सहा तासांत सोडवावा लागतो. पाळी चुकलेल्या स्त्रीच्या ओटीपोटात दुखलं तर आधी गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनळीत तर नाही ना, हे बघायला हवं.

रुग्णालयात लघवी, क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी ठरलेली. सोनोग्राफीत मूत्रपिंडाची सूज छान दिसते, पण नळीच्या मधल्या भागातला खडा आतड्यांतल्या हवेमुळे पुष्कळदा निसटतो. म्हणून “सूज आहे, खडा दिसला नाही” असा अहवाल आला तर खडा पडला असं समजू नये. रंगद्रव्य न देता केलेला सीटी स्कॅन खड्याची जागा आणि माप जवळजवळ बिनचूक सांगतो. युरिक ॲसिडचा खडा एक्स-रेत दिसत नाही, सीटीत दिसतो.

अहवालातल्या शब्दांनी माणसं हबकतात, तेव्हा त्यांचा अर्थ सांगून ठेवलेला बरा. ‘पीयूजे’ म्हणजे नळीचं वरचं तोंड, ‘व्हीयूजे’ म्हणजे मूत्राशयात शिरायची जागा, ‘डिस्टल’ म्हणजे खालचा भाग, ‘कॅल्क्युलस’ म्हणजे खडा, ‘हायड्रोनेफ्रोसिस’ म्हणजे तुंबल्याने मूत्रपिंडाला आलेली सूज. ‘लेफ्ट व्हीयूजे कॅल्क्युलस ४ एमएम, माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस’ हे वाचून रडू नका. हा खडा दाराशी पोचला आहे आणि बहुधा आपला आपण पडेल. उलट ‘पीयूजे १२ एमएम’ असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. आणि मूत्रपिंडाच्या कप्प्यात २-३ मिलिमीटरचे कण दिसले, सूज नाही, तर तुमच्या रोजच्या कंबरदुखीचं खापर त्यांच्यावर फोडू नका. ती बहुतेक वेळा मणक्याची किंवा स्नायूंची असते.

आकडे ढोबळ आहेत, पण निर्णयाला उपयोगी. नळीतला ५ मिलिमीटरपर्यंतचा खडा दहातल्या सहा-सात जणांत आपोआप पडतो, ५ ते १० मिलिमीटरचा साधारण निम्म्या जणांत. २ मिलिमीटरला आठवडाभर लागतो, ४ च्या पुढच्याला तीन आठवडे किंवा जास्त. या काळात खालच्या भागातल्या ५ ते १० मिलिमीटरच्या खड्याला टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम रात्री जेवणानंतर देतात. त्याने नळीचा खालचा भाग सैल पडतो. त्याहून लहान खड्याला त्याचा विशेष फायदा नाही. ही गोळी घेणाऱ्याने पहाटे पलंगावरून झटकन उठू नये, रक्तदाब उतरून चक्कर येते. पुरुषांमध्ये वीर्य कमी येतं किंवा येतच नाही. गोळी बंद केली की ते पूर्ववत होतं, पण आधी कोणी सांगितलेलं नसल्याने तरुण मुलं मनातल्या मनात झुरतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही या गोळीबद्दल सांगायचं.

वाट बघण्याच्या या दिवसांत लघवी गाळून करायची. बारीक जाळीची गाळणी किंवा मलमलीचं दुहेरी फडकं चालतं. खडा सापडला की धुऊन, वाळवून छोट्या डबीत ठेवा आणि तपासणीला द्या. तो कशाचा आहे यावर पुढचं पथ्य ठरतं, आणि कचऱ्यात गेलेला खडा परत मिळत नाही. अनेकांना, विशेषतः बायकांना, शेवटच्या टप्प्याची धास्ती असते. मूत्राशयातून बाहेर जाणारा मार्ग वरच्या नळीपेक्षा बराच रुंद असतो. जो खडा मूत्राशयात उतरला तो पुढे सहसा फारसा छळत नाही.

आता ज्यासाठी हा सगळा लेख लिहावासा वाटला ते. कळ थांबणं आणि खडा पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजेक्शनने दाब उतरला की कळ थांबते, खडा तिथेच असतो. अडथळा बरेच दिवस राहिला तर मूत्रपिंड हळूहळू लघवी कमी करतं, ताण उतरतो आणि दुखणं आपसूक निवतं. माणूस म्हणतो, “हुलग्याच्या पाण्याने पडला वाटतं.” आत मात्र मूत्रपिंड वाळत चाललेलं असतं. पूर्ण अडथळा दोन आठवड्यांच्या पुढे गेला की नुकसान कायमचं होऊ लागतं, म्हणून लहान खड्यासाठीही चार ते सहा आठवड्यांपलीकडे वाट बघत नाहीत. वर्षभराने दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी करावी आणि एक मूत्रपिंड पातळ पिशवीसारखं झालेलं दिसावं, असं घडतं, आणि त्याचं फार वाईट वाटतं, कारण एका तपासणीने ते वाचलं असतं. खडा डोळ्यांनी पाहिला नसेल, तर दुखत असो वा नसो, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला पुन्हा तपासणी करायचीच.

हुलग्यांबद्दल. कोकणात कुळथाचं पिठलं, देशावर हुलग्यांचं माडगं किंवा कढण हे आपलं जुनं आणि चांगलं अन्न आहे. कढणातून पाणी पोटात जातं, त्याचा फायदा आहेच. पण कॅल्शियम ऑक्झलेटचा, म्हणजे बहुतेकांना होतो तोच, तयार खडा विरघळवणारं औषध कुठल्याच शास्त्राकडे नाही, मग ते केळीच्या सोपटाचा रस असो, पानफुटी असो की महागडं सिरप. विरघळतो तो युरिक ॲसिडचा खडा, आणि तोही पोटॅशियम सायट्रेटने लघवीची आम्लता आठवडेच्या आठवडे कमी ठेवल्यावर. कळ उठली असताना मात्र कढणाचं पातेलं बाजूला ठेवा. कमरखाचा रस तर टाळाच: त्यात ऑक्झलेट भरपूर असतं आणि अशक्त मूत्रपिंडाच्या माणसाच्या मेंदूवर त्याचा विषारी परिणाम झालेला आहे. बिअरने खडा पडतो हे मित्रमंडळींतलं औषध वेदनाशामकाच्या जोडीला पोट जाळतं.

खडा मोठा असेल, ताप असेल किंवा वाट बघून झाली असेल तर दुर्बीण, लेझर, पाठीतून छोटं छिद्र, किंवा बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के. हे धक्क्यांचं तंत्र १९८० साली म्युनिकमध्ये पहिल्यांदा माणसावर वापरलं गेलं. धक्क्यांनी खडा फुटतो, नाहीसा होत नाही. तुकडे याच अरुंद नळीतून उतरायचे असतात, तेव्हा घरी गेल्यावर पुन्हा कळ आली तर उपचार फसला असं नव्हे.

दुर्बिणीनंतर पुष्कळदा आत डीजे स्टेंट ठेवतात: साधारण २४-२६ सेंटिमीटरची मऊ नळी, दोन्ही टोकांना वळलेली. या नळीचाच त्रास काहींना खड्याइतका होतो आणि आधी कल्पना दिलेली नसते. लघवी करताना कुशीत कळ जाते, कारण त्या क्षणी लघवी नळीतून वर ढकलली जाते. सारखी जावंसं वाटतं. जास्त चाललं, जड उचललं की लघवी लालसर होते. पाणी पिऊन विसावा घेतला की निवळते. लघवी तुंबवून ठेवू नये, घाई न करता करावी, आणि फार त्रास असेल तर टॅमसुलोसिन मागून घ्यावं. स्टेंट काढायची तारीख मोबाइलमध्ये, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणि घरातल्या दुसऱ्या माणसाकडे, तिन्ही ठिकाणी लिहा. त्रास गेला म्हणून विसरलेल्या स्टेंटवर खडे चढतात, आणि मग तो काढायला मोठी शस्त्रक्रिया लागते.

एकदा खडा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना दहा वर्षांत पुन्हा होतो. त्यावर सगळ्यांत भक्कम उपाय साधा आहे: दिवसाला अडीच लिटर लघवी. पाणी नव्हे, लघवी. माणूस घामाने किती गमावतो ते वेगळं, त्यामुळे पुण्यात पंख्याखाली बसणाऱ्याला तीन लिटर पाणी पुरेल, पण चंद्रपूर-जळगावच्या मे महिन्यात उन्हात राबणाऱ्याला, किंवा आखातात बांधकामावर असलेल्या रत्नागिरीच्या माणसाला, चार-पाचही कमी पडतील. लघवी पाण्यासारखी फिकी दिसायला हवी. इटलीत पाच वर्षं चाललेल्या एका अभ्यासात नुसतं पाणी वाढवलेल्यांत खडा पुन्हा होण्याचं प्रमाण १२ टक्के होतं, न वाढवलेल्यांत २७.

पथ्याच्या नावाखाली मात्र आपल्याकडे भलत्याच गोष्टी बंद होतात. दूध-दही सोडायला लावतात, टोमॅटोच्या बिया वेचून काढतात. टोमॅटोत ऑक्झलेट थोडंच असतं. आणि जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि शौचावाटे नेतं. ते बंद केलं की ऑक्झलेट मोकळं होऊन लघवीत उतरतं. त्याच इटालियन संशोधकांनी २००२ साली १२० पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॅल्शियम कमी केलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. दूधदुभतं ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्या ६० जणांपैकी १२ जणांना. तेव्हा वाटीभर दही जेवणासोबत खाच. कमी करायचं ते मीठ: पापड, लोणचं, फरसाण, वरून घेतलेली चिमूट. कारण मिठाबरोबर लघवीतलं कॅल्शियम वाढतं. पालक, अळू, राजगिऱ्याचा पाला आणि बीट यांत ऑक्झलेट जास्त. कधीतरी खायचे तर पनीर किंवा दह्यासोबत, आणि कच्च्या पालकाचा रस सकाळी उपाशीपोटी तर नकोच. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्याही बंद. रोज दोन लिंबांचा रस पाण्यात घ्या, साखर-मीठ जेमतेम; त्यातलं सायट्रेट खडा धरू देत नाही.

ज्यांना पुन्हापुन्हा होतो किंवा लहान वयातच झाला, त्यांनी रक्तातलं कॅल्शियम, युरिक ॲसिड आणि चोवीस तासांची लघवी तपासून घ्यावी. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीची छोटी गाठ हे कारण निघालं, तर ती काढल्यावर खड्यांचं चक्र बहुधा थांबतं. आणि बसचालक, वाहतूक पोलीस, ऊसतोडीवरच्या बायका, शाळेत दिवसभर स्वच्छतागृह टाळणाऱ्या मुली यांना “पाणी प्या” सांगण्याआधी त्यांना जायला जागा आहे का, हे विचारावं लागतं. जिथे नसेल तिथे निदान एवढं करता येतं: घरी परतल्यावर तासाभरात लिटरभर पाणी, झोपण्याआधी एक पेला, आणि रात्री लघवीला उठलं की पुन्हा एक. लघवी सगळ्यांत दाट होते ती रात्रीच.